शाळा मी दाखवत नाही

खांबेटे हेडमास्तर कधी हसत नसत असं लिहिलं तर ते खोटं होईल. ते हसत, पण बहुधा नको तिथे. वार्षिक सभेत चेअरमनसाहेब "आपली शाळा म्हणजे मावळचं भूषण" म्हणाले की खांबेटे खाली मान घालून हसायचे, आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना ते स्वच्छ दिसायचं. चेअरमनसाहेब वडगावच्या कोर्टातले नावाजलेले वकील. त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या हेडमास्तरांना शाळेचा अभिमान नाही का हो?" मी म्हणालो, "असावा. पण तो ते घरी ठेवून येतात."

एकोणीसशे तीसच्या आगेमागे मी लोणावळ्याला ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो. शाळा भाड्याच्या बंगल्यात होती. दिवाणखान्याचे तट्टे घालून दोन वर्ग केलेले, त्यामुळे चौथीचा पानिपतचा पराभव पाचवीच्या बीजगणितात ऐकू यायचा. इंग्रजी सहावीपर्यंत वर्ग होते. मॅट्रिकला, म्हणजे सातवीला, पुण्याला जावं लागे. मुलं आगगाडीवाल्यांची, दुकानदारांची, आसपासच्या शेतकऱ्यांची. मुली बोटांवर मोजण्याइतक्या.

खांबेटे उंच, हाडकुळे, बारा महिने गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या कोटात. कोटाच्या डाव्या खिशात खडूचे तुकडे. इतर मास्तरांनी टाकलेले तुकडे ते वाकून वाकून गोळा करत आणि शिकवताना तेच वापरत. तुकडा नखाला भिडेपर्यंत सोडत नसत. छत्री ऑफिसात कायम उघडी असायची. ती वाळल्याचं मी कधी पाहिलं नाही आणि ती मिटल्याचंही नाही. प्रार्थना स्वतः सांगायचे. सुराशी त्यांचं जन्माचं वाकडं, पण त्याची त्यांना कल्पना नव्हती आणि ती द्यायची कुणाची छाती नव्हती. मुलं बिचारी त्यांच्यामागून तशीच म्हणत. त्या शाळेतून बाहेर पडलेली माणसं मला आजही भेटतात, आणि देवळात आरती सुरू झाली की मला ती ओळखू येतात.

कौतुक करणं त्यांना जमत नसे. त्यांच्याकडचं सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे "बरं" हा एक शब्द. वर्षातून तो दोनतीनदा बाहेर यायचा. मला तो पहिली दोन वर्षं मिळाला नाही. मी फळ्यावर काढलेली केळी बघून ते म्हणाले होते, "दोडके चांगले जमलेत."

पण हे सगळे वरवरचे चाळे. या माणसाची खरी ओळख व्हायची ती जूनमध्ये, मुलांना शाळेत घालायला पालक येऊ लागले की. दुसऱ्या शाळांत हेडमास्तर पालकांना खुर्ची देत, निकाल सांगत, नमुनेदार वह्या पुढे करत. खांबेटे उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "शाळा मी दाखवत नाही. मी दाखवली तर तुम्हाला मी दिसेन." मग ते शिपायाकरवी एका मुलाला बोलावून घेत. हा मुलगा म्हणजे गेल्या परीक्षेत नापास झालेला. पालकांना शाळा दाखवायचं काम, सगळीकडे हिंडवायचं आणि विचारतील ते सांगायचं काम, त्याचं. त्याला एकच ताकीद असे, काही लपवायचं नाही.

मी नवा असताना एक रेल्वेचा गार्ड आपल्या मुलाला घेऊन आला होता. खांबेटे मला म्हणाले, "तुम्हीही शाळा पाहिली नाहीत अजून. जा यांच्या मागून." वाट दाखवायला उस्मान नावाचा टांगेवाल्याचा मुलगा होता, पाचवीत आपटलेला. त्यानं अगदी मनापासून सगळं दाखवलं. "हितं गळतंय. ह्या कोपऱ्यात बसायचं न्हाई. हे ग्रंथालय, म्हंजे हे कपाट. किल्ली हेडमास्तरांच्या कोटात असती, मागितली की देत्यात." मग व्हरांड्यातल्या माठापाशी थांबून म्हणाला, "पाण्याचा माठ ह्यो एकच. समदी पोरं ह्यातलंच पितात. गावकुसाबाहेरची दोघं हायेत, ती बी. चालत असंल तर बघा."

गार्डनं माठाकडे बघितलं, मुलाकडे बघितलं आणि विषय बदलला. "हेडमास्तर मारतात का रे?"

"मारत्यात. मला मारलंया की."

"का?"

"पाटी फुटली व्हती. मी न्हवती फोडली."

गार्ड माझ्याकडे वळला. मी बाहेर बघू लागलो. "मग रे?" तो म्हणाला.

"मंग काय. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला समद्यांम्होरं म्हनले, काल मी उस्मानला मारलं, चूक माझी होती. आन् प्रार्थना सांगाय लागले." उस्मान जरा थांबून म्हणाला, "ती मारापेक्षा वाईट व्हती."

गार्ड परत ऑफिसात आला तो टोपी काढूनच. "नाव घाला," म्हणाला. खांबेट्यांनी नाव घातलं. उस्माननं काय सांगितलं ते त्यांनी विचारलं नाही. कधीच विचारत नसत.

मी त्यांना एकदा या पद्धतीचं कारण विचारलं. ते खडूचा तुकडा शोधत होते. "पहिला येणारा मुलगा कुठल्याही शाळेत पहिला येतो. त्यात शाळेचं काय? नापास झालेला जर अजून इथं ताठ मानेनं हिंडत असेल, तर बापानं आपलं पोर इथं ठेवायला हरकत नाही. हिंडत नसेल तर त्यानं उठून जावं." आणि तुकडा सापडल्यावर ते वर्गावर गेले. चेअरमनसाहेबांना मात्र हा शुद्ध वेडेपणा वाटे. "आपल्या शाळेत नापास व्हायला चढाओढ लागेल एक दिवस," ते म्हणायचे. एक खरं, की नापास मुलांनी तोंड लपवून शाळा सोडण्याचा प्रकार इतर ठिकाणी सर्रास चालायचा, तो आमच्याकडे मी पाहिला नाही.

आता हौसाचं सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय खांबेटे पुरे होत नाहीत.

हौसा वलवणची. बापाची जमीन धरणात गेली आणि तो धरणावरच कामाला लागला. तिथल्या कारकुनांना बघून त्याच्या मनानं घेतलं की पोरीला शिकवायचं. भावकी हसली. "म्याट्रिक हितं झाली तर शिकवीन, पुन्याला न्हाई धाडायचो," एवढं त्यानं ठरवलं होतं, आणि तो शब्दाचा पक्का होता. हौसाला मॅट्रिक होऊन दवाखान्यात नर्सबाई व्हायचं होतं. ती सहावीत भूमितीत नापास झाली, पुन्हा बसली, आणि या खेपेला पास होणार हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. म्हणजे पुढच्या जूनला लोणावळ्यात मॅट्रिकचा वर्ग निघणं तिला भाग होतं. न निघाला तर लग्न. स्थळ कामशेतचं, बघून ठेवलेलं.

वर्गाला शाळाखात्याची ना नव्हती, पण दोन पक्क्या खोल्या हव्या होत्या. त्यासाठी चेअरमनसाहेबांनी एक शेटजी गाठले. मुंबईचे व्यापारी, छातीच्या विकारामुळे हवेसाठी लोणावळ्यात बंगला बांधून राहिलेले. नातू त्यांच्याजवळ असायचा, त्याला शाळेत घालायचं होतं. शाळा पसंत पडली तर खोल्या बांधून देतो, असं त्यांनी तोंड भरून सांगितलं होतं. ते बघायला येणार म्हणून शाळा सारवून घेतली, मला स्वागताची पाटी रंगवायला बसवलं. आणि गेल्या परीक्षेत नापास झालेली अशी शाळेत एकटी हौसाच होती.

आदल्या दिवशी दुपारी चेअरमनसाहेब ऑफिसात आले. मी कोपऱ्यात पाटी रंगवत होतो. "हेडमास्तर, उद्याचा दिवस तेवढा माझ्या पुतण्याला पाठवा. पहिला नंबर आहे, इंग्रजी बोलतो."

"तो शाळा दाखवेल म्हणता?" खांबेटे म्हणाले. "तो पुतण्या दाखवेल."

"बरं, त्या मुलीलाच पाठवा. पण ते माठाचं सांगणं उद्या नको. मी वाड्यातून पाण्याची झारी आणून इथं झाकून ठेवतो. शेटजींनी पाणी मागितलं तर त्यातलं द्या. खोटं बोला म्हणत नाही मी, नुसतं बोलू नका!"

"त्यांचा नातू रोज झारीतलं पिणार आहे का?"

चेअरमनसाहेबांनी हात जोडले आणि गेले. ताकाला जाऊन भांडं लपवणं हे त्यांच्या धंद्यात रोजचं होतं. त्यात त्यांना वावगं काही दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी दिसलं नाही.

थोड्या वेळानं हौसा दारात येऊन उभी राहिली. "सर, उद्या दुसऱ्या कुनाला धाडा."

"का?"

"माझ्या तोंडून काय वाकडं गेलं तर वर्ग जाईल."

"वाकडं म्हणजे खोटं?"

"न्हाई." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "खरंच. खरं बोलून जाईल म्हनते मी."

खांबेट्यांनी खिशातला खडूचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता ते नमतील. एका मुलीसाठी एक दिवस आपली पद्धत बाजूला ठेवतील. ते म्हणाले, "तू जा उद्या. जे आहे ते सांग." ती गेली, आणि ते खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

शेटजी आले. मोठा सुसंस्कृत माणूस. हौसाला "मुली" म्हणून हाक मारत होते, तिचं बोलणं लक्ष देऊन ऐकत होते. तिनंही छान दाखवलं. गळकी जागा दाखवली, कपाट दाखवलं, "मी भूमितीत नापास झाले, पन हेडमास्तर रोज शाळा सुटल्यावर शिकवत्यात" असं सांगितलं. शेटजी मान डोलावत होते. चेअरमनसाहेबांचा चेहरा उजळत चालला होता. बंगल्याच्या मागची चढण चढून आल्यावर शेटजींना धाप लागली. माठ समोरच होता. ते म्हणाले, "मुली, घोटभर पाणी दे."

झारी ऑफिसात राहिली. हौसानं पितळी पेला भरला. भरून हातात धरला आणि दिला नाही. मी तिच्या मागेच होतो. धाप लागलेल्या म्हाताऱ्या माणसानं हात पुढे केलेला. एक शब्द न बोलता पेला पुढे केला असता तर ते प्यायले असते, खोल्या झाल्या असत्या, आणि जगात कुणाचं काही बिघडलं नसतं. ती म्हणाली, "ह्या माठातलं समदी पोरं पितात. गावाबाहेरची बी. तुमास्नी चालत असंल तर घ्या."

शेटजींचा हात तसाच थांबला, मग हळूहळू खाली आला. ते रागावले नाहीत. "सांगितलंस ते चांगलं केलंस, मुली. मी नाही घेणार." ऑफिसात आल्यावर ते खांबेट्यांना म्हणाले, "तुमच्याकडे मुलं खोटं बोलत नाहीत, हे मी सगळीकडे सांगेन. पण आमच्या घरात हे चालायचं नाही. नातवाला मला इथं घालता येणार नाही." आणि नमस्कार करून गेले. खोल्यांचा विषय कुणी काढला नाही, काढण्यासारखा राहिलाही नव्हता. चेअरमनसाहेब माझ्या पाटीकडे बघत बसले होते. ती अजून ओली होती.

खांबेट्यांनी हौसाला विचारलं, "काय झालं?" तिनं सांगितलं. ते म्हणाले, "बरं."

ज्या शब्दासाठी मी दोन वर्षं झुरलो तो तिला मिळाला. मला त्या क्षणी त्या माणसाचा भयंकर राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. त्या 'बरं'चं तिनं काय करायचं होतं? तत्त्व त्यांचं, आणि ते पाळायला उभी केली कोण, तर जिचं सगळं पणाला लागलं होतं ती. ती रडली नाही. पेला विसळून पालथा घालून ती वर्गात जाऊन बसली. एप्रिलात भूमितीत चांगल्या गुणांनी पास झाली.

निकाल लागल्यावर खांबेटे वलवणला गेले. मला सोबत घेतलं, का ते ठाऊक नाही. हौसाच्या बापानं घोंगडी अंथरली, गूळपाणी दिलं. खांबेटे म्हणाले, "माझी बहीण पुण्यात असते. हौसा तिच्याकडे राहील. वर्षाचा प्रश्न आहे."

"पुन्याला न्हाई, मास्तर. म्या आदीच बोललोय."

"आबा, पोर हुशार आहे."

"हाय की. तुमी बी लय मोठं." बाप शांतपणे बोलत होता. "तुमची शाळा खरी, ह्ये समदं मावळ म्हनतंय. पन ती खरी ऱ्हावी म्हनून आमचीच पोर खर्ची पडली न्हवं? चेअरमनाचा पुतन्या न्हाई पडला."

खांबेट्यांनी हातातला गूळ खाली ठेवला. आत भांड्यांचा आवाज येत होता. हौसा बाहेर आली नाही. परतताना धरणाच्या कडेनं आम्ही चालत होतो. ते मध्येच थांबले आणि पाण्याकडे बघून म्हणाले, "बरोबर बोलला तो." वैशाखात कामशेतला लग्न झालं. खांबेटे लग्नाला गेले, पंगतीला बसले आणि शेवटचा वऱ्हाडी उठेपर्यंत थांबले.

पुढच्या जूनमध्ये पद्धत तीच राहिली. शेंडी तुटो की पारंबी, नापास मुलगाच शाळा दाखवायला. पण एक फरक पडला. आता खांबेटे ऑफिसातून उठून फाटकापर्यंत जायचे. पालक आत पाऊल टाकण्याआधीच सांगायचे, "इथं पाण्याचा माठ एक आहे. सगळी मुलं त्यातलं पितात. चालत असेल तर आत या." मग मुलाला बोलवायचे. ते एक वाक्य त्यांनी पोरांच्या तोंडून काढून स्वतःकडे घेतलं. याबद्दल ते कुणाशी बोलले नाहीत. मला ते लक्षात यायला दोन जून लागले. किती जण फाटकातूनच परत गेले आणि किती आत आले, हे मी सांगू शकणार नाही. पण येणारे वाढत होते. मॅट्रिकच्या खोल्या पुढे झाल्या. त्या गार्डनं रेल्वेवाल्यांना गोळा केलं, दुकानदारांनी पत्रे दिले. शेटजींशिवाय झालं. फक्त उशिरा झालं.

खांबेटे निवृत्त झाले तेव्हा लढाई चालू होती. आमची मॅट्रिक झालेली मुलं देहूरोडच्या लष्करी डेपोत भराभर लागत होती. मोतीबिंदूनं खांबेट्यांची नजर गेली होती, ऑपरेशन बिघडलं होतं, उजेड-अंधार तेवढा कळायचा. तरी जून आला की ते यायचे. शिपाई फाटकापाशी स्टूल टाकायचा. पायांचा आवाज आला की ते मान वर करायचे आणि आपलं वाक्य म्हणायचे. नवे हेडमास्तर समजूतदार होते. त्यांनी ते चालू दिलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच. चाळीसचं दशक सरत आलं होतं. मी प्रवेशाच्या कामात होतो. एक बाई दहाअकरा वर्षांच्या मुलीचा हात धरून फाटकापाशी आली. खांबेट्यांनी मान वर केली.

"इथं पाण्याचा माठ एक आहे. सगळी मुलं त्यातलं पितात. चालत असेल तर आत या."

बाई थांबली. "म्हाईत हाय, सर. पैलं हे मी सांगायची."

मी कागद खाली ठेवले. खांबेट्यांचा चेहरा आवाजाच्या दिशेनं वळला. "हौसा?"

"व्हय. कामशेतास्नं आले. मालक डेपोत हायेत देहूरोडला. ही थोरली."

ते स्टुलाला हात लावून उभे राहिले. काठी खाली पडली, ती मुलीनं उचलून दिली. "हौसा," ते म्हणाले, "ते सांगणं माझं होतं. तुझ्यावर टाकायला नको होतं."

न्हाई सर, तसं काय न्हाई, असं ती म्हणेल असं मला वाटलं. आपल्याकडची माणसं असंच म्हणतात. पण ती त्यांचीच विद्यार्थिनी.

"तवाच म्हनायला पायजे व्हतं," ती म्हणाली.

"हो," खांबेटे म्हणाले.

तेवढ्यात शाळा दाखवायचा त्या वर्षीचा मुलगा धावत आला, नापास झालेला, शर्टाची बटणं लावत. हौसानं लेकीला त्याच्याबरोबर दिलं. "हिला दाव समदं. गळतंय तितलं बी दाव." आणि मग ती खांबेट्यांना म्हणाली, "मला म्याट्रिकचा वर्ग बघायचाय. तो मी बघितलाच न्हाई."

मी पुढे झालो, कारण खोल्या मागच्या अंगाला होत्या आणि वाट खडबडीत होती. खांबेट्यांनी हातानंच मला थांबवलं. "मी दाखवतो," म्हणाले.

व्हरांड्याच्या भिंतीवर एक हात ठेवून ते निघाले. पायरी आली की काठीनं चाचपून आधी तिला सांगत, "पायरी आहे." ती तिला दिसत होतीच. ती पाऊल आखडतं घेत त्यांच्या मागे राहिली, पुढे गेली नाही. माठापाशी तिनं पेला भरून त्यांना दिला, मग स्वतः प्यायली. दोघं कोपऱ्यावरून मागच्या बाजूला वळले, आणि मला तिथून फक्त त्यांचा आवाज आला: "हा मॅट्रिकचा वर्ग. ये, बस."